चॅपरल-व्हल्कन बटालियन: ठाणे तेच, क्रमांक मात्र वेगळा, असे का?

शीतयुद्ध_अभ्यासक

नमस्कार मंडळी,

शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी भूदलाच्या डिव्हिजनांची रचना वर्षवार मांडण्याचे काम मी सध्या हाती घेतले आहे. रणगाडे आणि पायदळ यांच्या बटालियनांबाबत फारशी अडचण आली नाही, परंतु प्रत्येक डिव्हिजनकडे जी एक हवाई संरक्षण बटालियन असे, तिथे येऊन माझा तक्ता अडला आहे. या बटालियनकडे चॅपरल हे वाहनावरून डागायचे कमी पल्ल्याचे विमानवेधी क्षेपणास्त्र आणि व्हल्कन ही सहा नळ्यांची २० मिलिमीटरची तोफ, अशी दोन्ही शस्त्रे असत, इथपर्यंत चित्र स्पष्ट आहे.

अडचण क्रमांकांची आहे. तिसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनची ही बटालियन ब्यूडिंगन येथे होती याबद्दल सर्वांचे एकमत दिसते. मात्र काही ठिकाणी तिचा उल्लेख ३-६१ असा येतो, तर काही ठिकाणी ३-५ असा. या दोन वेगळ्या बटालियन मानायच्या की एकच? हाच गोंधळ पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनबाबत श्वाबाख येथे आणि आठव्या पायदळ डिव्हिजनबाबत वाकर्नहाइम येथेही दिसतो.

दुसरी शंका रचनेविषयी आहे. क्षेपणास्त्र आणि तोफ यांचे प्रशिक्षण वेगळे, दुरुस्ती वेगळी, दारूगोळाही वेगळा; असे असताना ती एकाच बटालियनमध्ये बसवण्यामागचा हेतू काय होता? केवळ संतुलनासाठी असे केले असावे, हे उत्तर मला पटत नाही. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. ही यंत्रणा अमेरिकेबाहेर कोणाकडे होती, हेही समजल्यास उत्तम.

तोफखाना

क्रमांकांचा उलगडा त्या मानाने सोपा आहे. फक्त रेजिमेंट या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. १९५७ मध्ये अमेरिकी भूदलाने रेजिमेंटची मुख्यालये युद्धरचनेतून काढून टाकली आणि तिचे नाव, निशाण व युद्धसन्मान तेवढे परंपरा म्हणून जपले. तेव्हापासून ३-६१ याचा अर्थ ‘६१ व्या एअर डिफेन्स आर्टिलरीची तिसरी बटालियन’ असा होत असला, तरी त्याच ६१ व्याची दुसरी बटालियन कोरियात दुसऱ्या पायदळ डिव्हिजनकडे आणि चौथी कोलोरॅडोत फोर्ट कार्सन येथे चौथ्या पायदळ डिव्हिजनकडे असू शकत होती, आणि तशी ती होतीही. या बटालियनांचा एकमेकींशी दैनंदिन व्यवहार जवळजवळ शून्य असे. त्या एका घराण्याच्या होत्या, एका छपराखाली कधीच नव्हत्या.

ऐंशीच्या दशकात भूदलाने ही रेजिमेंटची व्यवस्था पुन्हा आखली. एकाच घराण्याच्या बटालियन शक्यतो परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, म्हणजे सैनिकाला परदेशातील आणि मायदेशातील नेमणुकांमध्ये तेच निशाण लाभावे, अशी त्यामागची कल्पना होती. त्या फेरमांडणीत ब्यूडिंगनच्या ३-६१ चे निशाण गुंडाळले गेले आणि त्याच ठाण्यात, त्याच माणसांसह, त्याच गाड्यांसह ३-५ चे निशाण फडकले. श्वाबाखची २-५९ ही ६-३ झाली. वाकर्नहाइमची १-५९ ही ५-३ झाली. कोरियातील २-६१ च्या जागी ५-५ आली. हे बदल मुख्यतः ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातले आहेत.

तेव्हा आपल्या तक्त्यात या दोन बटालियन मांडू नयेत, पण एकच बटालियन म्हणून दोन्ही क्रमांक सरसकट एकाच ओळीत मिसळूनही टाकू नयेत. अधिकृत वंशावळीच्या दृष्टीने ३-६१ आणि ३-५ यांचा इतिहास वेगळा आहे. १९४४ च्या एखाद्या युद्धसन्मानाचा मान एकीकडून दुसरीकडे जात नाही. मी आपल्या जागी असतो तर ‘डिव्हिजन, ठाणे, शस्त्र’ हा मुख्य स्तंभ केला असता आणि क्रमांकाला काळानुसार बदलणारी नोंद मानले असते.

शिवाय एक सावधगिरीची सूचना. माजी सैनिकांच्या आठवणींत क्रमांक बहुधा त्यांच्या नेमणुकीच्या वर्षांचा असतो. १९७५ चा माणूस ३-६१ म्हणेल आणि १९८९ चा ३-५, आणि दोघेही ब्यूडिंगनच्या त्याच फाटकाचे वर्णन करीत असतील. त्यांच्यात कोणीही चुकत नसते.

विमानवेधी

वरील प्रतिसाद नेमका आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तोफ आणि क्षेपणास्त्र एकत्र का, याचे उत्तर शस्त्राच्या जन्मकथेत दडलेले आहे, आणि माझ्या मते ही बटालियन म्हणजे एका फसलेल्या प्रकल्पाच्या पोटी आलेली तडजोड होती.

साठच्या दशकात अमेरिकी भूदलाला मॉलर नावाची यंत्रणा हवी होती: साखळीपट्ट्यांच्या एकाच वाहनावर शोधक रडार, क्षेपणास्त्रे आणि मार्गदर्शन, सारे काही. त्या काळच्या तंत्रज्ञानाला ते झेपले नाही आणि १९६५ मध्ये मॉलर रद्द झाले. पुढच्या फळीतील सैन्यावर मात्र आकाशातला धोका कायम होता, म्हणून हाताशी असलेल्या वस्तूंपासून तात्पुरती सोय करण्याचे ठरले. नौदलाच्या विमानांसाठी बनलेले साइडवाइंडर हे उष्णतेचा माग घेणारे क्षेपणास्त्र घेतले, त्याच्या चार पंखांपैकी दोनच पंखांवर स्थिरतेची फिरती चाके ठेवली, आणि चार क्षेपणास्त्रांचा मनोरा एम-११३ या चिलखती वाहनाच्या कुटुंबातील एम-७३० या वाहनावर बसवला. तोफेसाठीही तोच मार्ग: लढाऊ विमानांवरची व्हल्कन तोफ त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या वाहनावर चढवली. १९६९ पासून या मिश्र बटालियन उभ्या राहू लागल्या. मॉलरमध्ये एका गाडीवर जे अपेक्षित होते, ते इथे दोन प्रकारच्या गाड्या आणि एक वेगळे रडार यांच्यात वाटले गेले; रचनेचे मूळ तिथे आहे.

आता उणिवा पाहा, म्हणजे जोडणी आपोआप उलगडते. सुरुवातीच्या चॅपरलचा शोधक विमानाच्या तापलेल्या शेपटीकडे पाहत असे. याचा सरळ अर्थ असा की समोरून चाल करून येणाऱ्या विमानावर ते भरवशाने डागता येत नसे; विमान डोक्यावरून गेले, बॉम्ब पडले आणि ते पाठ फिरवून निघाले की मग चॅपरलची खरी संधी सुरू होई. ज्या पुलाच्या रक्षणासाठी आपण उभे आहोत त्याच्या दृष्टीने ही संधी जरा उशिराचीच म्हणायची. उलट व्हल्कनचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटरच्या आसपास, पण ती समोरून येणाऱ्यावर मिनिटाला ३,००० गोळ्यांच्या वेगाने मारा करू शकत असे आणि तिला विमानाच्या शेपटीची वाट पाहावी लागत नसे. शिवाय क्षेपणास्त्राला किमान अंतर लागते. अगदी जवळ उसळून वर आलेले लक्ष्य त्याच्या हातचे निसटते. एकाची खोट दुसऱ्याने भरून काढायची, एवढाच त्यामागचा हिशोब होता.

कागदावरची रचना अशी: बटालियनमध्ये दोन चॅपरल बॅटऱ्या (बॅटरी म्हणजे तोफखान्यातील कंपनीएवढी तुकडी) आणि दोन व्हल्कन बॅटऱ्या, प्रत्येक बॅटरीत १२ गाड्या, म्हणजे २४ क्षेपणास्त्रवाहने आणि २४ तोफवाहने. प्रत्यक्षात ही बटालियन एकत्र क्वचितच लढायची होती. व्हल्कनच्या प्लाटून पुढे रणगाडे व पायदळासोबत जात. चॅपरल मागे, मुख्यालये, दारूगोळ्याचे साठे, पूल आणि रसदीचे रस्ते यांच्या अवतीभवती पसरलेले असत. त्यामुळे बटालियनच्या कमांडरचे काम लढाईत हुकूम सोडण्यापेक्षा गाड्यांची वाटणी करण्याचे अधिक होते. आपल्या तक्त्यात ‘बटालियन’ हा एक ठोकळा दिसेल, पण नकाशावर ती कितीतरी ठिपक्यांत विखुरलेली असे.

तिसरा घटक लोक विसरतात, तो म्हणजे रडार. चॅपरलच्या गाडीवर रडारच नव्हते. बटालियनकडे फार या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी आठ छोटी रडारे असत. ती सुमारे २० किलोमीटरपर्यंतची कमी उंचीवरची विमाने टिपून रेडिओवरून गाड्यांना इशारा देत. इशारा पोहोचला की अमुक चौकटीत काहीतरी आहे, एवढेच गाडीला कळे. पुढचे सारे मनोऱ्यात दोन-दोन क्षेपणास्त्रांच्या मधोमध बसलेल्या गनरच्या डोळ्यांवर. तो विमान शोधे, आपले की परके हे ठरवी, मनोरा फिरवून ते काचेवरच्या वर्तुळात आणी आणि शोधकाने उष्णता पकडली की हेडफोनमध्ये विशिष्ट आवाज घुमे. त्यानंतरच कळ दाबायची. धुके, ढग किंवा रात्र असल्यास यातली पहिलीच पायरी कोलमडते, आणि जर्मनीतल्या हिवाळ्यात धुके ही काही अपवादाची बाब नव्हे. ऐंशीच्या दशकात औष्णिक प्रतिमा दाखवणारे उपकरण बसवले गेले तेव्हा कुठे रात्रीचा मारा शक्य झाला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या सी आवृत्तीने मात्र चित्र बरेच पालटले. तिचा नवा शोधक समोरून येणारे विमानही पकडू शकत होता, आणि नव्या स्फोटकशीर्षाचा परिणामही अधिक होता. पुढे कमी धूर सोडणारे इंजिन आले. हा धुराचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण जुन्या इंजिनाची पांढरी रेघ गाडीची जागा सरळ दाखवून देत असे आणि पुढच्या माऱ्यासाठी गनरची दृष्टीही झाकोळून टाकी. शेवटच्या जी आवृत्तीत स्टिंगर या खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राच्या सुधारित रूपातील तंत्राचा शोधक बसवला गेला. एवढे सगळे ‘तात्पुरत्या’ शस्त्रावर!

नकाशावाला

तक्त्यासाठी छायाचित्रे वापरत असाल तर गाडीच्या पुढच्या भागावर रंगवलेल्या खुणा अवश्य पाहा. एका बाजूला डिव्हिजन आणि बटालियन असते; आर्मर्ड डिव्हिजन त्रिकोणाच्या खुणेने दाखवतात, पायदळ डिव्हिजन आय या अक्षराने. दुसऱ्या बाजूला बॅटरीचे अक्षर आणि गाडीचा क्रमांक असतो. जुना की नवा बटालियन क्रमांक रंगवला आहे, यावरून छायाचित्राचा काळ साधारण ठरवता येतो, आणि हीच खूण अनेकदा मथळ्यातल्या वर्षापेक्षा अधिक विश्वासार्ह निघते. प्रवासाच्या स्थितीत मनोरा गाडीच्या पोटात उतरवून वर ताडपत्री ओढलेली असते, तेव्हा चॅपरल साध्या मालवाहू गाडीसारखे दिसते. असे फोटो लोक चुकीच्या वर्गात टाकतात.

सैनिकांच्या नोंदी चाळत असल्यास व्यवसाय-संकेत पाहावेत. १६-पी म्हणजे चॅपरलचा सैनिक, १६-आर व्हल्कनचा, १६-एस खांद्यावरून डागायच्या रेडआय किंवा स्टिंगरचा, आणि १६-जे रडारवरचा. एखाद्या बटालियनच्या नोंदींत १६-आर सापडतात पण १६-पी अजिबात नाहीत असे आढळले, तर तिच्याकडे चॅपरल होते हे गृहीत धरण्यापूर्वी थांबावे. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या बटालियनकडे ओढून नेण्याजोगी व्हल्कन होती. चॅपरलचे वाहन तिथे नव्हते.

शीतयुद्ध_अभ्यासक

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘डिव्हिजन, ठाणे, शस्त्र’ हा स्तंभ लगेच स्वीकारत आहे. विमानवेधी यांच्या लिखाणावरून एक उपप्रश्न सुचतो. चॅपरलचे काम मुख्यतः मागच्या भागातील स्थिर ठिकाणांचे रक्षण असेल, तर हवाई तळांवरही ते असणार; मग त्या बटालियन कोणत्या डिव्हिजनखाली मांडायच्या? आणि तीच गोष्ट अन्य देशांची: तिथेही ते भूदलाकडेच होते का?

विमानवेधी

कोणत्याच डिव्हिजनखाली नाही. युरोपात हवाई तळांचे रक्षण करणाऱ्या चॅपरल-व्हल्कन बटालियन ३२ व्या आर्मी एअर डिफेन्स कमांडच्या छत्राखाली, १०८ व्या ब्रिगेडकडे होत्या; श्पांगडालेमची ६-५६ ही त्यांपैकी ठळक. ज्या कमांडकडे मध्यम पल्ल्याची हॉक आणि लांब पल्ल्याची नाइकी हर्क्युलिस ही क्षेपणास्त्रे, तिच्याचकडे या कमी पल्ल्याच्या बटालियनही होत्या. तळ वायुदलाचा आणि रक्षक भूदलाचे, अशी विभागणी होती. तक्त्यात यांच्यासाठी वेगळा विभाग ठेवावा, अन्यथा एकूण गाड्यांची बेरीज जुळणार नाही.

किल्लेदार

अन्य देशांविषयी मी लिहितो. चॅपरल इस्राएल, इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया, पोर्तुगाल आणि तैवान यांच्याकडे गेले. यांत इस्राएलचा समावेश ‘भूदलाच्या तुकड्या’ या मथळ्याखाली करता येणार नाही, कारण तिथे हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे वायुदलाच्या अखत्यारीत आहेत. गंमत अशी की चॅपरलने पाडलेले विमान म्हणून ज्याचा आवर्जून उल्लेख होतो, ते सीरियाचे मिग-१७, १९७४ मध्ये गोलानच्या आघाडीवर इस्राएली चॅपरलनेच पाडले. ज्या अमेरिकी भूदलासाठी ते बनले, त्याच्या बटालियन वर्षानुवर्षे सरावातच राहिल्या.

पोर्तुगालमध्ये हे शस्त्र भूदलाच्या क्वेलुझ येथील विमानवेधी रेजिमेंटकडे होते. तैवानने भूदलाबरोबर नौदलातही त्याचा वापर केला. सी चॅपरल ही त्याची नौदल आवृत्ती त्यांच्या कांग दिंग वर्गाच्या फ्रिगेटांवर बसवली गेली. एका परीने क्षेपणास्त्राने वर्तुळ पूर्ण केले: नौदलाच्या विमानासाठी जन्मले, भूदलाच्या गाडीवर चढले आणि पुन्हा जहाजावर पोहोचले.

आपला विषय अमेरिकेपुरता मर्यादित ठेवायचा असेल तरी न्यू मेक्सिकोच्या नॅशनल गार्डची (राज्याच्या राखीव सैन्याची) एक बटालियन नजरेतून सुटू देऊ नका. चॅपरल धुक्यात आंधळे ठरते, या कारणाने अमेरिकेने फ्रान्स आणि जर्मनी यांची रोलँड ही स्वतःचे रडार असलेली यंत्रणा निवडली होती. खर्च वाढत गेला, योजना आवरती घेतली गेली, आणि तयार झालेल्या २७ रोलँड यंत्रणा साखळीपट्ट्यांच्या वाहनांऐवजी ट्रकांवर बसवून एकाच बटालियनला देण्यात आल्या: ५-२००. ती ऐंशीच्या दशकात काही वर्षे राहिली आणि १९८८ मध्ये रोलँड सेवेतून गेले. या ‘२००’ क्रमांकामागे मोठा इतिहास आहे. न्यू मेक्सिकोची २०० वी कोस्ट आर्टिलरी ही विमानवेधी रेजिमेंट १९४१ मध्ये फिलिपाइन्सला गेली होती आणि एप्रिल १९४२ मध्ये बाटानच्या शरणागतीनंतर तिच्या जवानांना ती कुप्रसिद्ध मृत्युयात्रा भोगावी लागली. तोफखाना यांनी वर सांगितलेली निशाणाची परंपरा त्या राज्यात केवळ कागदोपत्री बाब नाही.

तोफखाना

किल्लेदार यांच्या रोलँडविषयीच्या नोंदीला जोडून, आपल्या तक्त्याचा शेवट कुठे करायचा याबद्दल दोन शब्द. चॅपरल कोणत्याही एका दिवशी निवृत्त झाले नाही. व्हल्कनच्या जागी येणारी सार्जंट यॉर्क ही तोफ १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे दोन्ही जुनी शस्त्रे अपेक्षेपेक्षा जास्त काळ ओढली गेली. त्यानंतर स्टिंगरच्या तुकड्या वाढत गेल्या, चॅपरल हळूहळू डिव्हिजनकडून तिच्या वरच्या कोअरच्या पातळीकडे आणि नॅशनल गार्डकडे सरकले, आणि हम्वी गाडीवर आठ स्टिंगर वाहणारे ॲव्हेंजर आल्यावर नव्वदच्या दशकात त्याची जागा उरली नाही. म्हणून १९८५ नंतरच्या वर्षांत एखाद्या डिव्हिजनची बटालियन ‘चॅपरल-व्हल्कन’ अशी आपोआप नोंदवू नये. त्या वर्षी तिच्याकडे चॅपरल बॅटरी शिल्लक होती की नाही, हे प्रत्येक डिव्हिजनसाठी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. नकाशावाला यांनी सांगितलेले १६-पी संकेत इथे सर्वांत उपयोगी पडतील, कारण शस्त्र गेले की त्या संकेताची माणसेही त्या बटालियनमधून जात.

शीतयुद्ध_अभ्यासक

समजले. १९६९ ते १९८५ हा काळ एका तक्त्यात आणि त्यानंतरचा काळ बॅटरीनिहाय वेगळ्या तक्त्यात मांडतो. ३२ व्या कमांडच्या बटालियन आणि न्यू मेक्सिकोची ५-२०० यांच्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवत आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या डिव्हिजनच्या ओळी भरून झाल्या की मसुदा याच धाग्यावर देईन. किट्झिंगन येथील तिसऱ्या पायदळ डिव्हिजनच्या बटालियनचे क्रमांक ३-६७ आणि ४-३ असे दिसत आहेत. तिथेही हाच निशाणबदल झाला असे धरून पुढे जातो.